लिस्बनला "क्रांतीची टूर" घेणार असाल तर आधी हे वाचा

ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, पहिल्या टूरला पाचपैकी तीन, दुसरीला पावणेपाच, तो पाव कुठे कापला ते पुढे येईलच. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

गेल्या एप्रिलमध्ये मी आणि बायको पाच दिवस लिस्बनला होतो. सगळे करतात ते सगळं केलं, पिवळी ट्राम, किल्ला, पास्तेल द नाता रोज दोन कधी तीन. पण माझा मेन इंटरेस्ट वेगळा होता. मी बांद्याचा. माहीत नसेल तर, सावंतवाडीच्या पुढे गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं गाव, पलीकडे लगेच पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही आमच्याच गावातून पलीकडे गेले आणि पोर्तुगीजांनी त्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या. आजी तेव्हा पंधरा वर्षांची, तिच्या घरून सत्याग्रहींना भाकऱ्या गेल्या होत्या, हे आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की भाकऱ्यांचा आकडा दर गणपतीत वाढत गेलाय. तर त्या गोळ्या ज्यांच्या राज्यात झाडल्या गेल्या त्यांची राजधानी एकदा बघायची होती, आणि साम्राज्य कसं गेलं ही गोष्ट ते लोक स्वतः कशी सांगतात ते ऐकायचं होतं.

दोन्ही टूरची नावं मुद्दाम लिहीत नाही. पहिलीबद्दल तक्रार आहे, आणि दुसरी एकटा माणूस चालवतो, त्याला न विचारता त्याचा नंबर इथे टाकणं बरोबर नाही. पण लिस्बनमध्ये २५ एप्रिलच्या (१९७४ मध्ये त्या दिवशी सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड करून तिथली हुकूमशाही उलथवली, तीच ही क्रांती) वॉक ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा रूट थोड्याफार फरकाने तोच, त्यामुळे निवडताना उपयोग होईल.

पहिली टूर. माणशी २२ युरो, ऑनलाइन बुकिंग, अडीच तास. "जास्तीत जास्त १५ लोक" असं वेबसाइटवर, प्रत्यक्षात आम्ही २६ जण मोजले, त्यात कानात घालायचे ते हेडसेट दिले त्यातला माझा सुरुवातीपासून खरखरत होता आणि बदलून मागितला तर एक्स्ट्रा नाही म्हणाली. गाईड तिशीतली पोर्तुगीज मुलगी, इंग्लिश फर्डं, एनर्जी भरपूर. सुरुवात नदीकाठच्या त्या मोठ्या चौकातून, तेरेरू दू पासू. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे सांतारेंहून बंडवाल्यांचा कॅप्टन साल्गैरू माया आपल्या रणगाड्या-गाड्या घेऊन इथेच आला होता. त्याच्या बाजूच्या रुआ दू आर्सेनाल रस्त्यावर तिने आम्हाला भिंतीला टेकून उभं केलं आणि सांगितलं की सरकारच्या बाजूचा ब्रिगेडियर इथे उभा राहून फायरचा हुकूम सोडत होता आणि त्याच्या जवानांनी तो हुकूम ऐकलाच नाही. हा भाग तिने खरंच झकास केला, रस्ता किती अरुंद आहे ते स्वतः उभं राहिल्यावर कळतं, एक गोळा सुटला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. इथे पैसे वसूल.

मग रोसियू, तिथे फुलांची गोष्ट. सेलेस्त कायरू नावाची बाई, एका रेस्टॉरंटमध्ये कामाला, त्या दिवशी रेस्टॉरंटचा पहिला वाढदिवस म्हणून मालकाने कार्नेशन आणून ठेवलेली, पण गडबडीमुळे हॉटेल बंद ठेवलं आणि फुलं कामगारांना वाटून टाकली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगरेट मागितली, सिगरेट नव्हती म्हणून तिने फूल दिलं, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. क्रांतीचं नाव असं पडलं. तिथून चढ चढून कार्मो चौक. तो चढ बघून घ्या हां, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी लिफ्टची चौकशी करावी. चौक मात्र सुंदर, एका बाजूला भूकंपात छप्पर उडालेलं जुनं चर्च, मधे झाडं, आणि समोर ती बराक जिथे हुकूमशहा मार्सेलू काएतानू लपून बसला होता. त्याने शरणागती पत्करली ती जनरल स्पिनोलापुढे, आणि त्याला एका चिलखती गाडीतून बाहेर काढलं. त्यानंतर गुप्त पोलिसांचं, म्हणजे पीडचं, हेडक्वार्टर, रुआ आंतोनियू मारिया कार्दोझू. त्या दिवशी संध्याकाळी इथल्याच पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडून चार जण मारले. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत आणि भिंतीवर एक पाटी, बस. पाटी इतकी साधी आहे की गाईडने दाखवली नसती तर पुढे निघून गेलो असतो.

इथपर्यंत चारला टेकला असता रिव्ह्यू. पण शेवटी तिने समारोप केला की या एका दिवसात आम्ही स्वतःला मुक्त केलं आणि वसाहतींनाही स्वातंत्र्य देऊन टाकलं, ते सुद्धा फुलांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला (बायकोने डोळे वटारले, तिला माहिती मी काय करणार) आणि विचारलं, "मग गोव्याचं काय?" तर म्हणाली, हो हो, १९६१ मध्ये भारताने आक्रमण केलं, ते वेगळं प्रकरण. आणि काशियास जेलमध्ये एक भारतीय माणूस वर्षानुवर्षं होता ते माहितीये का म्हटलं, तर नाही म्हणाली. चूक नाही तिची, तरुण मुलगी. पण आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही मोहन रानडे माहीत असायला हवेत. सांगलीचा माणूस, आझाद गोमंतक दल, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला, २६ वर्षांची शिक्षा, आणि नंतर पोर्तुगालला नेऊन ठेवला. गोवा मोकळा झाला डिसेंबर ६१ मध्ये, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी लढला तो मुलूख स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली आणि हा बाबा अजून लिस्बनच्या बाहेर कोठडीत. काशकाइशला जाणारी लोकल काशियास स्टेशनवर थांबते, आम्ही चौथ्या दिवशी समुद्र बघायला त्याच गाडीने गेलो, तेव्हा मी उगाच खिडकीला नाक लावून बसलो होतो, दिसत काही नाही.

रात्री आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं की इथे म्हणतात आम्ही स्वातंत्र्य दिलं. आजी पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग म्हणाली, "तेंनी खंय दिल्यानी? आपल्या मान्सांनी घेतल्यानी." आणि जेवलास का विचारलं.

आता दुसरी टूर, जिच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय. ही आम्हाला हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या केप वर्देच्या मुलीने सुचवली. माणशी ३५ युरो, फक्त कॅश, सहा जणांच्या वर घेत नाही, चार तास म्हणतो पण आमचे सव्वापाच झाले. गाईड पन्नाशीचा, जन्म लिस्बनचाच पण आईवडील गिनी-बिसाऊचे (पश्चिम आफ्रिकेतली पोर्तुगालची जुनी वसाहत, पुढे नुसतं गिनी लिहितोय). हेडसेट वगैरे काही नाही, माणूस हळू बोलतो, आणि प्रश्न विचारला की वैतागत नाही उलट खूश होतो.

भेटायचं ठिकाण रोसियूच्या शेजारचा साऊं दोमिंगूश चर्चसमोरचा छोटा चौक. आदल्या दिवशी आम्ही तिथूनच गेलो होतो आणि लक्षही गेलं नव्हतं. सकाळपासून तिथे गिनीचे लोक जमलेले असतात, बायका खाली मांडून काय काय विकतात, कोला नावाचं एक कडू फळ असतं ते आम्हाला चावायला दिलं (नका चावू). तो म्हणाला, तुमची कालची टूर इथून वीस पावलांवरून गेली असणार, थांबली का? नाही थांबली.

तिथून मेट्रोने साल्दान्याला, आव्हेनिदा दुक द आव्हिलावर एका साध्या इमारतीसमोर. बघण्यासारखं काही नाही, आणि तरी माझ्या मते पूर्ण ट्रिपमधली सगळ्यात भारी जागा हीच. इथे "साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचं घर" होतं, १९४४ पासून. वसाहतींमधली हुशार पोरं लिस्बनला शिकायला येतात, त्यांना एकत्र ठेवलं की साम्राज्याशी निष्ठावान राहतील असा सरकारचा हिशोब. आणि झालं काय, अंगोलाचा, गिनीचा, मोझांबिकचा पोरगा एका टेबलावर जेवायला बसला आणि एकमेकांच्या घरच्या गोष्टी ऐकून त्यांना कळलं की सगळीकडे तेच चाललंय. पुढे गिनीच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेला आमिलकार काब्राल इथे यायचा, अंगोलाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला आगोश्तीन्यू नेतू इथे यायचा. शेवटी १९६५ मध्ये पीडने ते बंद केलं, पण तोपर्यंत वेळ गेली होती. आमच्याकडे म्हणतात ना, हातानेच पायावर धोंडा, तर हा धोंडा सरकारी खर्चाने होता.

काब्रालबद्दल तो अर्धा तास बोलला आणि एकदाही मोबाइल बघावासा वाटला नाही. माणूस शेतीतज्ज्ञ, लिस्बनला शिकलेला, जमिनीच्या धुपेवर अभ्यास. सरकारने त्याला गिनीत पाठवलं आणि १९५३ मध्ये त्याच्याकडे शेतीची गणना करायचं काम दिलं. म्हणजे सरकारच्याच पगारावर हा गावोगाव फिरला, कोण काय पेरतं, कोणाचं पोट कशावर, कोणती जमात कोणाशी बोलत नाही, सगळं वहीत. नंतर ५६ मध्ये पक्ष काढला तेव्हा त्याच्याइतका तो देश कोणालाच माहीत नव्हता. सुरुवातीला तेही संप, मोर्चे असंच करत होते. मग ३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती गोदीत पगारवाढ मागणाऱ्या खलाशी-हमालांवर गोळीबार झाला, पन्नासच्या आसपास माणसं मेली, आणि त्यांनी ठरवलं की शहरात हात वर करून उभं राहण्यात अर्थ नाही, गावाकडे चला. हे ऐकताना मला सारखं पत्रादेवी आठवत होतं, चारच वर्षांचं अंतर.

मी त्याला पत्रादेवीचं सांगितलं, त्याला माहीत नव्हतं, त्याने खिशातून छोटी वही काढून नाव लिहून घेतलं, मला दोनदा उच्चार करायला लावला. मग त्यानेच एक गोष्ट सांगितली जी मला इतकी नीट माहीत नव्हती. गोव्यात भारतीय फौज शिरायच्या चार दिवस आधी सालाझारने, म्हणजे काएतानूच्या आधीच्या हुकूमशहाने, गोव्याचा गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हाला संदेश पाठवला होता की शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर जिंकतील नाहीतर मरतील. व्हासालू इ सिल्व्हा शहाणा निघाला, त्याने दीड दिवसात हत्यारं खाली ठेवली आणि हजारो पोरांचा जीव वाचवला. बक्षीस काय, तर परत गेल्यावर सैन्यातून हाकलून दिला. गाईड म्हणाला की गोव्याहून युद्धकैदी परत आले त्यांचं स्वागत गुन्हेगारांसारखं झालं, आणि हे बघून पुढच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना एक कळलं, की आफ्रिकेत हरलो तर हे सरकार खापर आपल्याच डोक्यावर फोडणार. म्हणजे बघा, गोवा "वेगळं प्रकरण" नव्हतंच. १९६१ हे एकच वर्ष घ्या, फेब्रुवारीत अंगोलाची राजधानी लुआंडा, तिथल्या तुरुंगांवर हल्ला, मार्चमध्ये उत्तर अंगोलात उठाव, डिसेंबरमध्ये गोवा. मग ६३ ला गिनी, ६४ ला मोझांबिक. युरोपातला एक गरीब देश, तीन आघाड्यांवर तेरा वर्षं युद्ध, पोरांना सैन्यात चार चार वर्षं काढायला लागायची, हजारो पोरं रात्रीत डोंगर ओलांडून फ्रान्सला पळाली. पोर्तुगीज बाजूचेच आठ-नऊ हजार मेले, आफ्रिकन लोकांची तर धड मोजणीच नाही.

आणि मग त्याने ती गाडीची गोष्ट सांगितली. काएतानूला कार्मोतून बाहेर काढलं ती चिलखती गाडी, पहिल्या टूरवर आम्ही तिचा फोटो पाहिला होता. त्या मॉडेलचं नाव शाइमीत. शाइमीत हे मोझांबिकमधलं गाव, १८९५ मध्ये तिथे पोर्तुगीजांनी तिथल्याच गाझा नावाच्या राज्याचा राजा गुंगुन्यान्याला पकडलं, त्या विजयाची आठवण म्हणून गाडीला नाव. आणि त्या विशिष्ट गाडीवर रंगवलेलं नाव होतं बुला. बुला हे गिनीतल्या एका गावाचं नाव. म्हणजे साम्राज्याचा शेवटचा पंतप्रधान ज्या डब्यात बसून गेला त्याच्या अंगावर दोन्हीकडून आफ्रिकाच लिहिलेली. "काल तुम्हाला फुलं दाखवली ना," तो म्हणाला, "गाडीचं नाव वाचायला कोणी सांगितलं नाही." अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

त्याचं म्हणणं साधं होतं. त्या कॅप्टन लोकांना बंड करावंसं वाटलं ते कुठून, तर गिनीच्या दलदलीतून. साल्गैरू माया स्वतः मोझांबिक आणि गिनीत लढून आलेला. स्पिनोला गिनीचा गव्हर्नर होता आणि बंडाच्या दोन महिने आधी त्यानेच पुस्तक लिहून टाकलं होतं की हे युद्ध बंदुकीने जिंकता येणार नाही. काब्रालला जानेवारी ७३ मध्ये कोनाक्रीत (शेजारच्या दुसऱ्या गिनी देशाची राजधानी) मारलं, पण त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्याच्या लोकांनी जंगलातून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये युनोच्या आमसभेने त्यांच्या बाजूने ठराव केला. म्हणजे लिस्बनला फुलं वाटली गेली त्याच्या सात महिने आधी गिनी-बिसाऊ स्वतःच्या हिशोबाने स्वतंत्र झालेला होता. आणि बंडानंतरही लगेच दिलं का? नाही! स्पिनोलाला काहीतरी संघराज्य वगैरे हवं होतं, मोझांबिकवाले म्हणाले मग लढाई चालू राहील, आणि चालू ठेवलीच, इकडे लिस्बनच्या रस्त्यावर लोक "आता एकही सैनिक वसाहतीत नको" म्हणून ओरडायला लागले, तेव्हा कुठे जुलै ७४ मध्ये कायदा झाला. सप्टेंबरमध्ये गिनीला मान्यता, पुढच्या वर्षी जूनमध्ये मोझांबिक, जुलैत केप वर्दे आणि साऊं तोमे, नोव्हेंबरमध्ये अंगोला. आणि गोवा आपला आहे हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ ला, तेरा वर्षांनी.

हा माणूस एकतर्फी भाषण ठोकत असेल असं वाटत असेल तर तसंही नाही. बेलेंला गेलो, तिथे टॉवरजवळ परदेशातल्या युद्धात मेलेल्या पोर्तुगीज सैनिकांचं स्मारक आहे, भिंतीवर नावंच नावं. तिथे तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, माझा एक काका जंगलात काब्रालच्या लोकांबरोबर होता आणि दुसरा पोर्तुगीजांच्या फौजेत, घरातली भांडणं अजून मिटलेली नाहीत. पोर्तुगीजांच्या बाजूने लढलेल्या आफ्रिकन कमांडोंपैकी कितीतरी जणांना स्वातंत्र्यानंतर गोळ्या घातल्या हेही त्याने न विचारता सांगितलं. हे सांगायला त्याला कोणी भाग पाडलं नव्हतं.

शेवट नदीकाठच्या त्या दर्यावर्दींच्या मोठ्या स्मारकापाशी. तिथे सगळे टुरिस्ट खाली फरशीवरच्या नकाशावर उभं राहून फोटो काढतात, पोर्तुगीज कुठे कधी पोचले त्याची सालं त्यात कोरलेली आहेत. तो नकाशा १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेने भेट दिलेला, तेव्हाची वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका. त्याने मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला, ७५ सालचा, याच स्मारकाच्या पायाशी लाकडी खोक्यांचे डोंगर. अंगोला-मोझांबिकहून परत आलेल्या लाखो गोऱ्या लोकांचं सामान. कोणाचा फ्रीज, कोणाची शिवणाची मशीन, खोक्यांवर रंगाने लिहिलेली नावं. गेलेल्या जहाजांच्या स्मारकाखाली परत आलेलं सामान, असा फोटो कोणी मुद्दाम रचून काढला नसता.

आता पाव स्टार. सव्वापाच तासांत एकही टॉयलेट ब्रेक नाही, बायकोने शेवटी बेलेंमध्ये एका कॅफेत चामुसा विकत घेऊन सोय केली (चामुसा म्हणजे आपला सामोसाच, लिस्बनच्या बऱ्याच कॅफेत मिळतो, पण व्हेज आहे का विचारून घ्या, बहुतेक वेळा नसतो). त्याला सांगितलं तर बिचारा ओशाळला.

प्रॅक्टिकल गोष्टी. तिथले फुटपाथ गुळगुळीत दगडांचे, पाऊस पडला की बर्फ, चपला घालून जाऊ नका. दुसऱ्या टूरचं बुकिंग व्हॉट्सॅपवर, उत्तर यायला दोन दिवस लागतात, सुट्टे पैसे न्या. कॅथेड्रलजवळचं आल्जुब म्युझियम दोन्ही टूरमध्ये नाही पण सोडू नका, पूर्वीचं राजकीय कैद्यांचं जेल, त्यातल्या कोठड्यांना बैलांचे गोठे म्हणायचे आणि बघितल्यावर बैलही नाही म्हणेल असं वाटतं, नेतूलाही इथे ठेवलं होतं. सोमवारी बंद असतं, आम्ही आधी सोमवारीच गेलो होतो.

पहिली टूर घेऊच नका असं नाही म्हणणार, रुआ दू आर्सेनालसाठी घ्या. फक्त क्रम उलटा ठेवा, आधी दुसरी आणि मग पहिली, म्हणजे कार्मो चौकात समारोपाच्या वेळी हात वर करून विचारायला प्रश्न तयार असतील. गाईड वैतागेल, वैतागू दे, २२ युरो मोजलेत.